वजनाच्या ऑपरेशनआधी घरातली वाटी बदला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वजन कमी करण्याच्या ऑपरेशनच्या जाहिराती मुंबईत आता सगळीकडे दिसतात. लोकलच्या डब्यात, स्टेशनच्या पुलावर, मोबाइलवर. डावीकडे जुना फोटो, उजवीकडे नवा. या दोन फोटोंच्या मध्ये जे वर्ष-दीड वर्ष जाते, त्यात रोज उठून काय करायचे असते ते मात्र कुठे छापलेले नसते. आम्ही अशा रुग्णांच्या आहाराचे आणि शुश्रूषेचे काम करतो. ऑपरेशन करावे की नाही, हे रुग्णाने आणि सर्जनने मिळून ठरवायचे. त्यात आम्ही पडत नाही. आम्हाला सांगायचे आहे ते इतकेच की, या ऑपरेशनला लागणाऱ्या सवयी ऑपरेशननंतर लावायला घेतल्या तर उशीर झालेला असतो. त्या किमान सहा आठवडे आधी सुरू कराव्या लागतात, आणि रुग्णाबरोबर घरच्या स्वयंपाकघरालाही लावाव्या लागतात.

आधी पोटात काय बदलते ते पाहू. ‘स्लीव्ह’ प्रकारात जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. उरते ती केळ्याच्या आकाराची नळी. तिच्यात १०० ते १५० मिलि मावते, म्हणजे कटिंग चहाचा एक ग्लास, फार तर दीड. ‘बायपास’मध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलिची, म्हणजे दोन मोठ्या चमच्यांची पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. भूक लावणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होते. स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग जातो, म्हणून पहिले काही महिने अनेकांना भूक लागल्याचे कळतही नाही. हा काळ फसवा असतो. काटा आपोआप खाली येत असतो, त्यामुळे काही शिकायची गरज वाटत नाही. पुढे भूक हळूहळू परत येते, नळीही थोडी सैलावते. त्या वेळी अंगवळणी पडलेली सवयच कामाला येते.

आपल्याकडे ऑपरेशनची तारीख ठरली की घरात एक वेगळीच लगबग सुरू होते. ‘नंतर कुठे खायला मिळणार आहे, आत्ताच काय ते खाऊन घे’ म्हणत सासूबाई पुरणपोळी करतात, मित्र बिर्याणीला नेतात. हे प्रेमापोटी होते, पण नेमके उलटे होते. ऑपरेशनपूर्वी साधारण दोन आठवडे डॉक्टर दिवसाला ८०० ते १००० कॅलरीचा, कमी पिष्टाचा आहार देतात, तो केवळ वजन उतरावे म्हणून नव्हे. स्थूल माणसाचे यकृत बहुधा चरबीने सुजलेले असते आणि त्याचा डावा भाग जठरावर पसरलेला असतो. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये तो उचलून धरल्याशिवाय जठर दिसत नाही. दोन आठवडे पिष्ट कमी मिळाले की यकृतातला साखरेचा साठा आणि त्याबरोबरचे पाणी उतरते, यकृत आकसते आणि सर्जनला जागा मिळते. शेवटच्या आठवड्यात मेजवान्या झाल्या तर ही सगळी तयारी वाया जाते, आणि ऑपरेशन लांबते किंवा अवघड होते. मधुमेहाची औषधे, विशेषतः इन्सुलिन घेणाऱ्यांनी हा आहार डोस बदलून घेतल्याशिवाय सुरू करू नये. साखर एकदम खाली जाते.

तंबाखू किमान सहा आठवडे आधी सुटायला हवी. यात सिगारेट, गुटखा आणि मशेरी सगळे आले. मशेरीचे नाव मुद्दाम घेतो, कारण ‘व्यसन आहे का’ या प्रश्नाला ती लावणाऱ्या बायका ‘नाही’ असे उत्तर देतात. तंबाखूने जखम भरायला वेळ लागतो, आणि बायपासनंतर जिथे आतडे जोडलेले असते तिथे अल्सर होतो.

आता वाटीकडे येतो. आपली रोजची आमटीची वाटी साधारण दीडशे मिलिची असते आणि ती भरून दोनदा वाढली जाते. तयारीच्या सहा आठवड्यांत घरात शंभर मिलिची वाटी, छोटी ताटली आणि चहाचा चमचा एवढेच रुग्णाच्या पानात ठेवावे. चमचाभर घास, तो वीस-पंचवीस वेळा चावायचा, गिळायचा, चमचा खाली ठेवायचा, मग पुढचा. जेवण वीस ते तीस मिनिटांत संपवायचे. तीस मिनिटांच्या पुढे मात्र रेंगाळायचे नाही, कारण मग ते जेवण उरत नाही, नुसते तोंड चालू राहते. ‘पानात टाकू नये’ हा संस्कार आपल्यात खोल रुजलेला आहे. म्हणून आधीच कमी वाढून घ्यावे, आणि तरीही उरले तर ते उरू द्यावे.

दुसरी सवय पाण्याची, आणि ती सगळ्यांत जड जाते. आपल्याकडे पान मांडताना आधी तांब्या-भांडे येते. घास, पाणी, घास, पाणी असे जेवणाऱ्याला कोरडे जेवायला शिकण्यातच दोन-तीन आठवडे जातात. ऑपरेशननंतर जेवताना पाणी प्यायले तर त्या अरुंद नळीत अन्न आणि पाणी दोन्ही मावत नाही, उलटी होते. बायपासमध्ये पाण्याबरोबर अन्न भराभर पुढे ढकलले जाते, पोट लवकर रिकामे होते आणि तासाभरात पुन्हा काहीतरी खावेसे वाटते. म्हणून जेवणाआधी पंधरा ते तीस मिनिटे पाणी थांबवायचे आणि जेवण संपल्यावर तीस मिनिटांनी पुन्हा सुरू करायचे.

एवढे सांभाळून दिवसभरात दीड ते दोन लिटर द्रव पोटात जायला हवा. एका दमात ग्लास रिकामा करणे आता जमत नाही. एक घोट साधारण १५ मिलिचा. दर पाच मिनिटांनी एक घोट घेतला तर तासाला १८० मिलि होतात, म्हणजे दीड लिटर व्हायला जवळजवळ साडेआठ तास लागतात. हा हिशेब मुद्दाम मांडला, कारण सकाळी विसरलेले पाणी रात्री भरून काढता येत नाही. पाचशे मिलिची बाटली पर्समध्ये न ठेवता हातात ठेवावी आणि संध्याकाळपर्यंत तीनदा रिकामी करावी. ऑपरेशननंतर पुन्हा दाखल व्हावे लागण्याच्या नेहमीच्या कारणांत शरीरातले पाणी कमी होणे हे एक आहे. मुंबईत त्याला आणखी एक कारण जोडले जाते, आणि त्यावर उघड बोलले पाहिजे. स्टेशनवर आणि कामाच्या ठिकाणी स्वच्छतागृह धड नसते म्हणून हजारो बायका घरून निघताना पाणी पितच नाहीत. ऑपरेशन झालेल्या बाईला ही सवय परवडणारी नाही. रजेवरून परतण्याआधी ऑफिसातले आणि वाटेतले वापरण्याजोगे स्वच्छतागृह कोणते, हे शोधून ठेवावे. लघवी गडद पिवळी होणे, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येणे ही पाणी कमी पडल्याची खूण आहे. सोडा आणि कोल्ड्रिंक मात्र नको. त्यातल्या वायूने नळी ताणली जाते आणि दुखते.

दवाखान्यातून मिळणारा आहाराचा कागद बहुधा इंग्रजीत असतो आणि त्यात ब्रॉथ, कॉटेज चीज, ग्रीक योगर्ट असे शब्द असतात. जी बाई घरात स्वयंपाक करते तिला त्यातून आज काय शिजवायचे हे कळत नाही. आपल्या स्वयंपाकघरात तो कागद असा बसतो. ऑपरेशननंतर पहिले एक-दोन दिवस फक्त पाणी, मुगाच्या डाळीचे गाळलेले कढण, नारळपाणी, गाळलेले सूप. मग दोन आठवडे पूर्ण होईपर्यंत साय काढलेले दूध, पातळ ताक, मिक्सरमधून काढून गाळलेली डाळ, प्रोटीन पावडर. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वाटलेले, गुठळी नसलेले अन्न, म्हणजे घट्ट वरण, घुसळलेले दही, दुधात कुस्करलेले पनीर, काटा काढून बोटांनी मोडलेली मासळी. पाचव्या-सहाव्या आठवड्यात मऊ मुगाची उसळ, मऊ अंडे, मुगाचे पातळ धिरडे, शिजून गळलेला दुधी. साध्या जेवणाकडे वळायचे ते सातव्या-आठव्या आठवड्यानंतर. पोळी-भाकरी सगळ्यांत शेवटी. प्रत्येक सर्जनचे वेळापत्रक दोन-चार दिवसांनी इकडेतिकडे असते. आपल्याला मिळालेलेच पाळावे, शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाचे नव्हे. टाक्यांच्या रेषेवर कडक अन्नाचा ताण येऊ नये म्हणून ही पायरी-पायरी असते. ‘मला काही त्रास होत नाही’ म्हणून पुढची पायरी आधी चढायची नसते.

प्रोटीनवर जरा थांबतो, कारण मराठी घरात चूक होते ती इथेच. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन हवे. नाही मिळाले तर चरबीबरोबर स्नायूही झडतात, थकवा येतो, जखम रेंगाळते. ‘मी वरण भरपूर पितो’ हे उत्तर आम्ही रोज ऐकतो. पातळ वरणाच्या वाटीत तीन-चार ग्रॅमच्या वर प्रोटीन नसते. पाणी वाढले म्हणून डाळ वाढत नाही. ३० ग्रॅम कच्ची डाळ घट्ट शिजवली तर त्यातून सुमारे सात ग्रॅम मिळते. एका अंड्यात सहा, २५० मिलि दुधात आठ, १०० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८, १०० ग्रॅम रावस किंवा सुरमईत १८ ते २० ग्रॅम. ताज्या बोंबलात पाणीच जास्त, त्यामुळे त्यावर भिस्त ठेवू नये. कोरड्या सोयाबीन वड्यांत निम्मे वजन प्रोटीनचे असते. २५ ग्रॅम वड्या भिजवून वाटून भाजीत घातल्या तर १२-१३ ग्रॅम सहज मिळतात. शाकाहारी माणसाचा दिवस असा जुळतो: दुधात एक माप व्हे (दुधापासून केलेली प्रोटीन) पावडर मिळून सुमारे ३०, दिवसभरात विभागून १०० ग्रॅम पनीरचे १८, सोयाबीनचे १२ आणि मुगाच्या धिरड्याचे सात. झाले ६७. पहिल्या दोन महिन्यांत एवढे अन्न पोटात मावत नाही, म्हणून तेव्हा पावडर लागतेच. ती ‘जिमवाल्यांची’ म्हणून नाकारू नये. किडनीचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

आणि पानातला क्रम. आपल्या पानात आधी पडते ती वरणभाताची मूद, वर तूप आणि लिंबू. शंभर-दीडशे मिलिच्या पोटाला चार घास भात पुरतो, आणि उसळीची वाटी तशीच राहते. हे कित्येक महिने रोज घडले की रक्तातले प्रोटीन उतरते आणि पायांवर सूज दिसू लागते. म्हणून क्रम उलटा करायचा. आधी अंडे, मासा, पनीर किंवा उसळ, मग भाजी, आणि जागा उरलीच तर भात वा पोळी. वरणभाताशिवाय जेवण झाल्यासारखे वाटत नाही, हे आम्हाला मान्य आहे. शेवटचे दोन चमचे त्यासाठीच राखावेत.

घास अडकणे म्हणजे काय, हे आधी माहीत असले तर माणूस घाबरत नाही. दोन महिने झालेले असतात, तव्यावरची गरम, तूप लावलेली पोळी समोर येते. पहिला तुकडा छान जातो. दुसरा जरा मोठा, जरा कमी चावलेला. मग छातीच्या मधोमध, बरगड्या जुळतात तिथे दाब येतो. तोंडात पाणी सुटते आणि थांबतच नाही, फेसकट लाळ येत राहते. उचकी लागते, नाक गळू लागते. घरचे म्हणतात, ‘पाणी पी, उतरेल.’ तेच करायचे नाही. पाणी वरच तुंबते आणि दुखणे वाढते. खाणे थांबवावे, उभे राहून हळूहळू चालावे, लाळ गिळण्याऐवजी थुंकावी. बहुतेक वेळा घास काही वेळात खाली उतरतो किंवा उलटून पडतो. त्यानंतर उरलेला दिवस फक्त द्रव घ्यावे. लाळही खाली जात नाही अशी अवस्था टिकली तर दवाखाना गाठावा. मऊ पोळी, पाव, चिकट भात यांचा ओला गोळा होतो, म्हणून ते अडकतात; कोरडे चिकन आणि संत्र्याच्या फोडीची साल त्यांच्या तंतूंमुळे. त्यापेक्षा भाकरीचा कुरकुरीत पापुद्रा आणि शिळ्या पोळीचा कडक भाजलेला तुकडा बरा. नाक गळणे, शिंक, उचकी, छातीखाली दाब या खुणा नुसत्या पोट भरल्याच्याही असतात. प्रत्येकाची खूण वेगळी असते. ती ओळखून त्याच्या एक घास आधी थांबायचे.

नोकरदार मुंबईकराची खरी अडचण वेळेची आहे. सकाळी सातची गाडी, दुपारी दहा मिनिटांत उरकलेला डबा, रात्री नऊ-साडेनऊला बदलापूर किंवा विरारला उतरून दहाला भरपेट जेवण आणि लगेच अंथरूण. स्लीव्हनंतर आम्लपित्त वर येण्याचा त्रास बऱ्याच जणांना होतो. जेवून लगेच आडवे झाल्यावर तो हमखास वाढतो. रात्रीचे जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास हवेत. लांब राहणाऱ्यांसाठी आम्ही सुचवतो की, डब्याचे दोन भाग करावेत. एक दुपारी, दुसरा संध्याकाळी सहा-साडेसहाला, गाडी पकडण्याआधी ऑफिसातच. घरी पोचल्यावर कपभर दूध किंवा सूप घेऊन दिवस संपवावा. घरच्यांबरोबर पानावर बसावे जरूर, गप्पा माराव्यात, पण जेवण झालेले असावे.

वडापावची सगळ्यांना भीती वाटते. खरा शत्रू त्याहून मऊ आहे. चहात बुडवलेले बिस्कीट, खारी, पातळ पोह्यांचा चिवडा, शेव, आइस्क्रीम. हे तोंडातच विरघळते, अडकत नाही, दाब देत नाही, आणि नळीतून सरळ खाली जाते. एक पोळी न जाणारा माणूस दिवसभरात अर्धा पुडा बिस्किटे सहज संपवतो. दोन वर्षांनी परत वाढलेल्या वजनामागे बऱ्याचदा हेच असते. कटिंगचेही तसेच: दोन चमचे साखर म्हणजे जवळपास ४० कॅलरी, दिवसाला पाच कटिंग झाली तर दोनशे, दुधाच्या वेगळ्या. चहा सोडा असे आम्ही म्हणत नाही. बिनसाखरेचा, दिवसातून दोनदा, सोबत काही न बुडवता घ्यावा.

गोडाचा मुद्दा बायपास झालेल्यांसाठी जास्त तातडीचा. श्रीखंड, बासुंदी, उसाचा रस, मोदकाचे सारण यांतली साखर एकदम आतड्यात उतरते. दहा ते तीस मिनिटांत छाती धडधडते, घाम फुटतो, पोटात कळ येते, जुलाब होतात. याला डम्पिंग म्हणतात. दुसरा प्रकार एक ते तीन तासांनी येतो. साखरेला उत्तर म्हणून इन्सुलिन जास्त सुटते आणि रक्तातली साखर खाली घसरते, हातपाय थरथरतात, भोवळ येते. त्यावर पुन्हा पेढा खाल्ला तर चक्र सुरूच राहते. त्या क्षणी साखर वर आणावी लागते, पण लगेच त्यामागून प्रोटीनचे काही खायचे, आणि डॉक्टरांना सांगायचे. प्रसादाला चिमूटभर पुरतो. गणपतीत, हळदीकुंकवात, लग्नात जो आग्रह होतो तो रुग्णाने एकट्याने थोपवायचा नसतो. घरच्या वडीलधाऱ्याने एकदा ‘तिला वाढू नका’ म्हटले की पुढचे सोपे होते.

उपवासांबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. हरतालिकेचा निर्जळा उपवास पहिल्या वर्षी धरूच नये. एकादशीची साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळजवळ नुसता पिष्टाचा चिकट गोळा, त्यात दाण्याच्या कुटाचे काय ते प्रोटीन. उपवास करायचाच असेल तर दूध, दही, पनीर आणि राजगिऱ्याची पातळ लापशी यांवर करावा, पाण्याचे घोट चालू ठेवावेत आणि गोळ्या चुकवू नयेत.

गोळ्या आयुष्यभर घ्यायच्या असतात. ही ओळ ऑपरेशनआधी सांगितली जाते आणि दुसऱ्या वर्षी विसरली जाते, कारण तोवर छान वाटत असते. यकृतात बी-१२चा साठा असतो, म्हणून कमतरता लगेच दिसत नाही. तळपायांना मुंग्या आणि फिकेपणा कालांतराने येतो. सर्वसाधारण मात्रा अशा: कॅल्शियम दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम, एका वेळी ५०० ते ६०० पेक्षा जास्त नाही, व्हिटॅमिन डी-३ साधारण ३००० युनिट, बी-१२ रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅम किंवा महिन्याला १००० मायक्रोग्रॅमचे इंजेक्शन, पाळी येणाऱ्या बायकांना लोह ४५ ते ६० मिलिग्रॅम. कॅल्शियम सायट्रेट घ्यावे, कारण कार्बोनेट शोषायला आम्ल लागते आणि ते आता कमी असते. लोह आणि कॅल्शियम एकमेकांना अडवतात, म्हणून दोन्हींत किमान दोन तासांचे अंतर हवे. लोहाच्या गोळीच्या आगेमागे चहा नको, लिंबूपाणी चालेल. चहा आणि बीपीची गोळी एकदम घेण्याची ज्या घरात पद्धत आहे, तिथे लोहाची गोळीही नकळत त्याच चहाबरोबर जाते आणि हिमोग्लोबिन का वाढत नाही, हे कोणाला उमगत नाही. रक्त तपासणी तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात, मग दरवर्षी. त्यात फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२ आणि व्हिटॅमिन डी असलेच पाहिजे.

एक गोष्ट मोठ्या अक्षरांत छापावी अशी. ऑपरेशननंतर उलट्या काही दिवस थांबत नसतील तर शरीरातले थायमिन, म्हणजे बी-१, झपाट्याने संपते. एकाच्या दोन गोष्टी दिसू लागतात, चालताना तोल जातो, बोलण्यात घोळ होतो. अशा रुग्णाला जवळच्या दवाखान्यात नेतात आणि अशक्तपणा समजून ग्लुकोजची बाटली लावतात. थायमिन न देता ग्लुकोज दिले तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून पासाच्या पाकिटात एक कार्ड असावे. त्यावर ऑपरेशनचा प्रकार, तारीख, सर्जनचा फोन आणि दोन ओळी: ‘ग्लुकोजआधी थायमिन द्या’ आणि ‘आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक देऊ नका’. या वेदनाशामकांनी, विशेषतः बायपासनंतर, अल्सर होतो, आणि गुडघेदुखीवर त्या आपण दुकानातून सहज घेत असतो. दुखण्याला पॅरासिटामॉल बरे.

मधुमेहींची साखर वजन उतरण्याच्या आधी, काही दिवसांतच खाली येऊ लागते. जुन्याच डोसने इन्सुलिन चालू ठेवले तर घात होतो. बीपीच्या गोळ्यांचेही तेच. घरी मोजून, आकडे लिहून डॉक्टरांना कळवावेत. स्लीप अॅप्नियासाठी, म्हणजे झोपेत श्वास अडखळतो म्हणून, झोपताना मशीन लावणाऱ्यांनी ते दवाखान्यात बरोबर न्यावे आणि वजन उतरले म्हणून आपल्या मनाने बंद करू नये. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात; प्रोटीन आणि लोह ठीक असेल तर ते परत येतात. वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होण्याचा संभव असतो, म्हणून काही डॉक्टर सहा महिने औषध देतात. वजन उतरले की पाळी नियमित होते आणि दिवस राहण्याची शक्यता वाढते. पण बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळायची असते, आणि बायपासनंतर गर्भनिरोधक गोळीवर विसंबता येत नाही. हे लग्न झालेल्या प्रत्येक तरुणीला आणि तिच्या नवऱ्याला आधीच सांगितले पाहिजे. दारूचा तोच पेग आता लवकर आणि जास्त चढतो. अन्नाऐवजी दारूकडे वळलेली माणसेही असतात, म्हणून ती टाळलेलीच उत्तम.

चालणे ऑपरेशनच्या दिवशीच, खाटेभोवती सुरू होते. पायांत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ते असते. चार ते सहा आठवडे पाच किलोपेक्षा जास्त उचलू नये. भरलेली बादली दहा किलोची असते. पाणी ठरावीक वेळीच येते त्या चाळीत आणि इमारतीत ती कोण भरणार, हे आधी ठरवावे. तीन-चार आठवडे गर्दीच्या वेळची लोकल नको. पुढे आठवड्याला १५० मिनिटे चालणे आणि दोन-तीन दिवस स्नायूंचा व्यायाम: खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे, भिंतीला रेटून दंड, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे. नुसत्या चालण्याने झडते स्नायू सावरत नाहीत.

नाडी १२०च्या वर राहणे, ताप, दम लागणे, पोटात किंवा डाव्या खांद्यात वाढते दुखणे, एका पोटरीला सूज, काळी शी, यांपैकी काहीही पहिल्या काही आठवड्यांत दिसले तर सकाळपर्यंत थांबू नये. बायपास झालेल्याला वर्षांनंतरही पोटात कळा येऊन उलट्या झाल्या तर आतडे अडकल्याची शंका घ्यावी. ते गॅसवर ढकलू नये.

वजन साधारण बारा ते अठरा महिन्यांत सर्वांत खाली पोचते. त्यानंतर थोडे परत चढते, ते अपेक्षित असते. आठवड्यातून एकदा, एकाच दिवशी, सकाळी पोट रिकामे असताना वजन करून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावे. तीन-चार किलो वाढले की लगेच आहारतज्ज्ञाकडे यावे. लोक लाजेने येत नाहीत आणि पंधरा किलो वाढल्यावर येतात, याचे आम्हाला फार वाईट वाटते. चार किलोला जे बिस्किटाचा पुडा बंद करून भागते, ते पंधरा किलोला भागत नाही.

आपल्या वृत्तपत्रातून रुग्णालयांना आमची विनंती आहे. आहाराचा कागद मराठीत आणि आपल्या पदार्थांत द्यावा. पहिल्या भेटीला घरात स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला बोलवावे, मग ती आई असो, बायको असो की स्वयंपाकाच्या मावशी.

रुग्णांनीही संमतीपत्रावर सही करण्याआधी ‘पॅकेज’मध्ये काय आहे ते विचारून घ्यावे. आहारतज्ज्ञाच्या किती भेटी त्यात धरल्या आहेत? रात्री दोन वाजता उलटी थांबली नाही तर फोन कोण उचलणार? पहिल्या वर्षाच्या रक्त तपासण्या त्यात आहेत का? गोळ्या आणि प्रोटीन पावडर यांचा दरमहा खर्च बहुधा पॅकेजबाहेर असतो. तो घरखर्चात कुठे बसतो, ते पाहावे. विम्याच्या प्रमाणित अटींनुसार बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा, ४० किंवा अधिक लागतो. ३५ ते ४० असेल तर सोबत अनियंत्रित टाइप २ मधुमेह, तीव्र स्लीप अॅप्निया किंवा हृदयाचा ठरावीक आजार लागतो. २०२२च्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय शिफारशीत मात्र आशियाई लोकांसाठी २७.५ पासून ऑपरेशनचा विचार करता येतो. या दोन आकड्यांमधल्या रुग्णाला ‘थोडे वाढवा, मग क्लेम बसेल’ असे कोणी सुचवले तर ऐकू नये. वाढवलेला प्रत्येक किलो भूल देताना आणि यकृत उचलताना आड येतो.

आपले,
बॅरियाट्रिक रुग्णांच्या आहार व शुश्रूषेचे काम करणारे काही जण,
मुंबई